आधी वेळ घेऊन ये

पहिल्याच भेटीत मावशींनी मला दारातून परत पाठवलं, कारण मी लवकर पोचले होते. खोली बघायला त्यांनी अकराला बोलावलं होतं. ॲमस्टरडॅममध्ये भाड्याची खोली मिळवायला काय काय करावं लागतं ते ज्याने शोधली त्यालाच ठाऊक, त्यामुळे मी आपली शहाणपणा करून पावणेअकरालाच घंटी वाजवली. वरची खिडकी उघडली, पांढऱ्या बॉबकटचं एक डोकं बाहेर आलं आणि स्वच्छ मराठीत म्हणालं, "अकरा म्हटलं होतं ना? मग अकराला ये." खिडकी बंद. मी पुलापलीकडच्या बाकावर भुरभुर पावसात बसून राहिले. अकराला पुन्हा घंटी वाजवली तेव्हा दार आपोआप उघडलं आणि जिन्याच्या टोकावरून तोच आवाज आला, पण आता साखर घातलेला. "ये गं, ये. घर सापडलं ना नीट? अगंबाई, भिजलीस की!"

भिजवलं कोणी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला खोली हवी होती.

दार आपोआप वगैरे उघडत नव्हतं, हे नंतर कळलं. तिथल्या जुन्या घरांत रस्त्यावरून आत शिरलं की थेट शिडीसारखा उभा जिना लागतो. दाराच्या कडीला एक दोर बांधलेला असतो, तो जिन्याच्या कडेकडेने वरच्या मजल्यापर्यंत जातो. वर उभं राहून दोर ओढला की खाली कडी सुटते. शिवाय मावशींच्या खिडकीबाहेर एक छोटा आरसा तिरका बसवला होता. त्यात दाराशी कोण उभं आहे ते वरून दिसायचं आणि दाराशी उभ्या असलेल्याला त्याचा पत्ताही लागायचा नाही. म्हणजे आधी आरशात बघायचं आणि मग दोर ओढायचा की नाही ते ठरवायचं. मावशींचा हा स्वभाव त्या घरामुळे झाला की त्यांनी आपल्या स्वभावाला शोभेल असं घर शोधलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

मी मूळची कऱ्हाडची. आमच्या घराचं पुढचं दार फक्त रात्री लागायचं. शेजारच्या बायका बोलत बोलत थेट ओट्याशी येत आणि कढईवरचं झाकण उचलून बघत. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची चौकशी करणं हा आमच्याकडे कुळाचारच आहे, त्यामुळे मी जन्माची भोचक. इथे उत्तरेकडच्या ग्रोनिंगन शहरात शिकले आणि मग नोकरी लागली ती अशी, की कंपनी डच, मॅनेजर आणि सगळी टीम पुण्यात आणि ऑफिस कुठेच नाही. कुठेही राहून काम करा म्हणाले. मग राहायचंच तर राजधानीत राहू, अशी हौस केली आणि मावशींच्या माळ्यावरची खोली घेतली. त्या खोलीत पलंग मांडल्यावर टेबल आणि मी यांपैकी एकालाच जागा उरत होती, म्हणून खालच्या मजल्यावरचं मावशींचं जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस झालं.

आल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काकू नको. काकू म्हटलं की माणसं न सांगता जेवायला येतात."

"मग काय म्हणू?"

"मावशी म्हण. मावशीकडे निदान फोन करून येतात."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मराठी तिथी-वारांचं कॅलेंडर होतं. दरवर्षी पुण्याहून कोणीतरी पाठवायचं. त्यात संकष्टीच्या चौकोनात दातांच्या डॉक्टरची वेळ, अमावास्येखाली खिडक्या पुसणारा येण्याची वेळ, आणि माझं नाव लिहून पुढे 'चहा, चार'. हो, एकाच घरात राहत असूनही चहाला मला वेळ घ्यावी लागायची. आधी ठरवलेल्या भेटीला इथे अफस्प्राक म्हणतात. डच लोक अफस्प्राकशिवाय सख्ख्या भावाच्या घरी जात नाहीत हे मला ग्रोनिंगनमध्येच कळलं होतं. पण डच माणसंही मावशींपुढे ढिली वाटावीत. खालच्या मजल्यावरची डच म्हातारी एकदा स्वतः केलेला सफरचंदाचा केक घेऊन वर आली, तर मावशींनी तिला जिन्यातच गोड बोलून गुरुवारची वेळ दिली. बिचारी केक घेऊन परत गेली आणि गुरुवारी नवा करून घेऊन आली.

मी वाद घालून बघितला. आपल्यात पाहुण्याला देव मानतात, असं काहीतरी म्हटलं.

"देव?" मावशी म्हणाल्या. "पूजेत पहिलं काय करतात? आवाहन. देवसुद्धा बोलावल्याशिवाय येत नाही. गणपती बघ. तिथी बघून येतो, तिथी बघून जातो. चार दिवस आणखी राहतो म्हणाला का कधी?"

मी कॅलेंडरावर माझी चहाची वेळ बघून घेतली.

हे सगळं कुठून आलं असेल, याचा शोध घेणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग झाला. पहिला संशय त्यांच्या नोकरीवर. नवऱ्याबरोबर तरुणपणी त्या इथे आल्या, नवरा लवकर गेला, आणि मग निवृत्त होईपर्यंत त्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात फोनवर बसल्या. इथे साध्या दुखण्याला आधी आपल्या ठरलेल्या डॉक्टरकडेच जावं लागतं, आणि डॉक्टरपर्यंत पोचण्याआधी फोनवरच्या बाई गाठाव्या लागतात. ताप किती, कधीपासून, पाणी पिताय का, हे सगळं विचारून त्या बहुतेकांना पॅरासिटामॉल घ्या आणि दोन दिवसांनी फोन करा म्हणून सांगतात. मावशींनी जन्मभर हेच केलं. मला एकदा घरची आठवण येऊन अन्न जाईनासं झालं तर त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, कालपासून. "मग थांब. दोन दिवसांनी सांग." खरंच, दोन दिवसांनी मी आमटी-भात मागून खाल्ला.

आणखी एकदा मात्र औषध लागलं. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला मला रजा मिळाली नाही. मी टेबलाशी बसून लॅपटॉपवर डोकं टेकवलं आणि रडायला लागले. मावशी गॅसपाशी होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "आत्ता माझी फोडणी चाललीय. चारला रड, मी येते." मला इतका राग आला की रडणं थांबलं. चार वाजता त्या चहा घेऊन समोर येऊन बसल्या. मी आठवून आठवून बघितलं, रडूच येईना. तरी त्या उठल्या नाहीत. त्यांनी बहिणीचे फोटो बघायला मागितले, मुलाचं नाक जरा जास्तच आहे म्हणाल्या, साडी कुठली घेतली ते विचारलं. तास संपेपर्यंत त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. दिलेली वेळ त्या पुरती देत. अशी अख्खी वेळ मला त्याआधी कोणी दिली नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं आणि बरं वाटलं.

माझ्या नोकरीबद्दल त्यांना अतोनात कुतूहल होतं. ऑफिस नाही हे त्यांच्या पचनी पडेना.

"मग कामावरून घरी येतेस कधी?"

"येत नाही. घरातच असते ना."

"असं कसं? मग दिवस संपला हे कळतं कसं?"

दोन-चार दिवस त्या यावर विचार करत होत्या. मग त्यांनी नियम काढला. लॅपटॉप मिटला की मी कोट घालायचा, जिना उतरून रस्त्यावर जायचं, पूल ओलांडून कालव्याला एक फेरी मारायची आणि परत येऊन घंटी वाजवायची. किल्ली असली तरी लावायची नाही. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पण घंटी वाजली, आरशातून त्यांनी मला पाहिलं असणार, दोर सरसर वर गेला, दार उघडलं, आणि जिन्याच्या टोकावरून त्या म्हणाल्या, "आलीस का?"

"आले."

"हातपाय धू. भाताला शिट्टी झालीय."

पाऊस असो, वारा असो, ही फेरी चुकली नाही. दिवसभर डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला 'आलीस का' म्हणता येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला पुष्कळ दिवस लागले.

पुण्याच्या मॅनेजरचं प्रकरण तर आमच्या टीममध्ये अजून सांगतात. त्याला वेळेवर मीटिंग संपवणं हा कमीपणा वाटायचा. बाराला संपणारी मीटिंग साडेबारा, एक, कितीही लांबायची. 'लास्ट पॉइंट' म्हणून तो जे सुरू करायचा ते तर शेपटाला आग लागल्यासारखं कुठेही जायचं. एक दिवस मावशी ताट घेऊन आल्या, माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये वाकल्या आणि म्हणाल्या, "बारा वाजता संपणार होतं ना? ही जेवणार आहे आता."

स्क्रीनवरच्या पुण्यातल्या सगळ्या चौकोनांत माना वर झाल्या. मॅनेजर चाळिशीचा, मोठा हुद्देदार माणूस. तो चक्क सावरून बसला.

"हो काकू. फक्त एक लास्ट पॉइंट—"

"मावशी. आणि तो पॉइंट उद्याच्या वेळेत घ्या. आज तुमची वेळ संपली."

त्या दिवसापासून बाराच्या ठोक्याला मावशी दारात नुसत्या दिसल्या तरी मॅनेजर घाईघाईने सगळ्यांना धन्यवाद देऊ लागला. टीममधली एक मुलगी मला मेसेज करायची, मावशींना आमच्याकडे पाठव.

आणि त्यांचा मुलगा. तो ग्रोनिंगनला असायचा, चाळिशीला टेकलेला, उंच, हळू बोलणारा. मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा डचमध्ये. आई मराठीत, मुलगा डचमध्ये, आणि दोघांचं बरोबर चालायचं. तो महिन्यातून एका रविवारी यायचा, तीनला, आणि पाचला जायचा. कॅलेंडरवर त्या चौकोनात फक्त 'तीन' लिहिलेलं असायचं. शुक्रवारपासून मावशींचा स्वयंपाक सुरू. रविवारी दुपारी त्या इस्त्रीची साडी नेसून आरशापाशी उभ्या राहत. तीनला घंटी, दोर, "आलास का?" पाच वाजता तो उठायचा, आईला वाकून मिठी मारायचा आणि जायचा. मधल्या दोन तासांत मावशी त्याला कसलाही आग्रह करत नसत. बस म्हणत नसत. पाच वाजले की स्वतःच त्याचा कोट आणून देत.

माझ्या माळ्याच्या खिडकीतून पुलापलीकडचा बाक दिसायचा. त्या रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला तो मुलगा तिथे बसलेला असे. मांडीवर फुलं, नजर पाण्याकडे. लवकर येऊन वेळ होईपर्यंत बसून राहायचा. खाली मावशी आरशात बघत उभ्या, आणि हा पुलापलीकडे घड्याळ बघत बसलेला. मला वाटायचं, या दोघांना एकमेकांचं हे सगळं माहीत असणार. माझं तिथेच चुकलं.

एका रविवारी तो गेल्यावर मी मावशींना भांडी आवरू लागले आणि भोचकपणा केलाच. "मावशी, रात्री जेवायला थांब म्हणत का नाही त्याला?"

त्या उरलेली भाजी डब्यात भरत होत्या. भरत भरतच म्हणाल्या, "पूर्वी म्हणायची. तो पहिल्यांदा घर सोडून गेला ना, तेव्हा म्हणायचा, आई, येईन मी मधूनमधून. कधी ते सांगायचा नाही. मग मी रोज त्याच्या वाटणीचं करायची. घंटी वाजली की पळायची. पोस्टमन असायचा, नाहीतर खालच्या मजल्याची घंटी असायची. रात्री ते सगळं टाकून द्यायचं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "असं वर्षभर केलं. मग त्याला सांगितलं, यायचं तर वेळ सांगून ये, नाहीतर दार उघडणार नाही. ठरवून येणाऱ्याची वाट एकाच दिवशी बघावी लागते. बाकीचे दिवस माझे."

"आणि तो एखाद्या दिवशी न सांगता आला तर?"

"तो कशाला येतोय? त्याला वेळ कुठे आहे?"

"पण आला तर?"

"परत पाठवीन," मावशी म्हणाल्या. पण डबा फ्रीजमध्ये ठेवायच्या ऐवजी त्यांनी कपाटात ठेवला. मी तो उचलून फ्रीजमध्ये ठेवला. आता मला सगळं कळलं होतं. तो मुलगा आपणहून कधीतरी येईल का, एवढा एकच प्रश्न त्या बाईंना होता, आणि तो विचारायला लागू नये म्हणून हा एवढा मोठा बंदोबस्त होता.

पुढच्या खेपेच्या रविवारी मुद्दाम मी त्याच्याबरोबरच जिना उतरले, फेरीचं निमित्त करून. पुलावर त्यानेच इंग्रजीत विचारलं, "ती तुला दिवसभर त्या टेबलाशी बसू देते?"

"देते. बाराला जेवायला घालते."

त्याने कोटाची कॉलर वर केली. मग म्हणाला, हल्ली आठवड्यातले बरेच दिवस तोही घरूनच काम करतो, कुठूनही केलं तरी चालतं. "पण आईला वेळ नसतो. दोन तास म्हणजे दोन तास. नेहमी कामात असते."

मला तिथेच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मी म्हटलं, एखाद्या दिवशी न विचारता लॅपटॉप घेऊन या.

कालव्यात उडी मार म्हटल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "ती परत पाठवेल."

"पाठवेल की. मलाही पाठवलं होतं. तो बाक वाईट नाही."

तो हसला नाही. ट्रॅममध्ये चढून निघून गेला. त्यानंतर आठवडे गेले, आणखी एक रविवार तीन ते पाच होऊन गेला, आणि मी आपलं बोलणं फुकट गेलं असं समजून विसरूनही गेले.

मग एक मंगळवार. साडेअकरा झाले असतील. मी टेबलाशी मीटिंगमध्ये होते, मावशी मटार सोलत होत्या. घंटी वाजली. मावशी उठून आरशापाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. दोराला हात लावेनात. मी माइक बंद केला.

"कोण आहे?"

"आज मंगळवार ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"पाठीला बॅग आहे त्याच्या." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मग त्यांनी खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं आणि तोच आवाज लावला जो मी पहिल्या दिवशी ऐकला होता. "आज तुझी अफस्प्राक नाहीये!"

खालून तो काहीतरी डचमध्ये म्हणाला. मावशींनी मागे वळून मला सांगितलं, "विचारतोय, आता घेतली तर चालेल का." त्या कॅलेंडरपाशी गेल्या. मंगळवारचा चौकोन कोरा होता. तरी त्यांनी बोट ठेवून तो नीट बघितला. परत खिडकीशी गेल्या. "बाराला ये!" खिडकी बंद.

मग घरात जी पळापळ झाली ती मी विसरणार नाही. कणीक काढली, परत ठेवली. थालीपिठाची भाजणी काढली. कांदा चिरायला घेतला आणि अर्ध्यात टाकून साडी बदलायला धावल्या. ती अर्धवट नेसून पुन्हा आरशापाशी आल्या, आणि आरशात नुसतं रिकामं दार.

"गेला," त्या म्हणाल्या. "गेला वाटतं स्टेशनवर. मी त्याला परत पाठवलं आणि तो गेला." त्या मटारांच्या शेजारी खुर्चीवर बसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"गेला नाही हो मावशी. बाकावर असेल. नेहमी तिथेच तर बसतो."

"नेहमी म्हणजे?"

"येतो त्या दर रविवारी. तीन वाजेपर्यंत. माझ्या खिडकीतून दिसतो."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता बोलणी बसणार. "दर रविवारी?"

"अर्धा-पाऊण तास तरी. पावसातसुद्धा."

त्यांच्या खिडकीतून झाडाआड तो बाक दिसत नव्हता; त्या उठल्या आणि पदर खोचून माझ्या माळ्याचा जिना चढल्या. वरची खिडकी धाडकन उघडल्याचं ऐकू आलं. आणि मग ज्या बाईंनी खालच्या म्हातारीला कधी मोठ्याने हाक मारली नव्हती, त्यांचा आवाज कालव्यावरून पार पलीकडे गेला.

"अरे, बसलायस काय तिथे! ये ना घरी! ये, ये!"

बारा वाजायला अजून पुष्कळ वेळ होता. मावशी धडधडत खाली आल्या, जिन्याच्या टोकाशी गेल्या आणि घंटीची वाट न बघता दोर ओढला. खाली दार उघडलं, गार वारा वर आला. दारात कोणीच नव्हतं. तरी त्यांनी दोर सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या, तो पूल ओलांडून, रस्ता ओलांडून आत येईपर्यंत आणि एक एक पायरी चढून वर पोचेपर्यंत.

"आलास का?" त्या म्हणाल्या.

"आलो," तो म्हणाला. मराठीत.

टेबलावरचं माझं सामान मी एका बाजूला सरकवलं. त्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला, उघडला मात्र नाही. मी हेडफोन कानाला लावून, माझा लॅपटॉप उचलून माझ्या खोलीत पलंगावर जाऊन बसले. खालून थालीपिठाचा वास येत होता, आणि मावशींचं बोलणं अखंड चालू होतं.

बारा वाजून गेले. मॅनेजर बोलत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो सारखा माझ्या पाठीमागे बघत होता. शेवटी सव्वाबाराला त्याने न राहवून विचारलं, "आज मावशी घरी नाहीत का?"

"आहेत ना. मुलगा आलाय त्यांचा."

"अरे वा. बरं मग, मी लवकर आटपतो. फक्त एक लास्ट पॉइंट—"

"घ्या सावकाश," मी म्हटलं. "आज कोणी येत नाही सांगायला."